एका हाराएवढं फूल

भादव्यातल्या उन्हाशी माझं कधीच पटलं नाही. वैशाखातलं ऊन कसं, सरळ अंगावर येतं आणि आपणही सरळ सावलीत पळतो. भादव्यातलं तसं नसतं. सकाळी ढग, दुपारी एकाएकी डोकं उठतं, संध्याकाळी चार थेंब पडतात आणि उकाडा दुप्पट होतो. जळोचीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पूर्वेकडं, इंदापूरच्या बाजूला बघते. इथून काही दिसत नाही. नव्या इमारती, पाण्याच्या काळ्या टाक्या, त्यांच्या पलीकडं उसाची हिरवी पट्टी आणि मग नुसतं पांढरट आभाळ. तरीही हातातला कपडा तसाच राहतो. खालून घरातून अब्बा हाक मारतात, "शमीम, वाळत घालतेस की शिवतेस?" तेव्हा मी भानावर येते.

ज्या टेकडीकडं मी बघत असते ती कुठल्या गावची, हे मी लिहिणार नाही. बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही अशी बरीच गावं लागतात, त्यातलं एक, एवढं पुरे. माणसांची नावंही मी बदलली आहेत. पूर्वी मी अशी नव्हते. मला सांगायला आवडायचं. वर्गात पोरं जांभया देत असतानाही मी सांगत राहायची. त्या एका भादव्यानं माझी ती सवय मोडली.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या भागात वनस्पतिशास्त्र म्हणजे ऊस, आणि उसावर पडलेला रोग. स्टँडवर, लग्नात, दवाखान्यात कुणीतरी खिशातून वाळकं पान काढून पुढं करतं, "मॅडम, हा तांबेराच ना?" मला त्याचा राग येत नाही. पण इतकी वर्षं शिकवून एकानंही कधी "मॅडम, हे फूल कुठलं?" असं विचारलं नाही, हेही खरं. माळावरचं फूल हे फूल नसतंच इथं. ते गवत असतं, आणि नांगरात आलं की तण असतं.

त्या टेकडीवर मी पोरांना गवतं दाखवायला घेऊन गेले होते. पोरं फोटो काढण्यात गुंतली होती. चपलेत खडा गेला म्हणून मी माथ्यावरच्या कातळावर बसले, चप्पल झटकली, आणि गुडघ्याशी ते फूल दिसलं. वीतभर रोप, नखाएवढं फूल, फिकट निळं, आत पिवळा ठिपका. ओळखीचं वाटलं म्हणून मी नाव आठवायला लागले. नाव आठवेना. असं होतं कधीकधी, वय होत चाललं, असं मनाशी म्हटलं. घरी येऊन पुस्तकं काढली. पुस्तकातही ते नव्हतं. मग सगळी पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. 

पुढं कितीतरी महिने मी त्या फुलाच्या नादी होते. लोकांना वाटतं नव्या फुलाला नाव देणं म्हणजे बारसं. बारशाला निदान पोर कुणाचं आहे ते ठाऊक असतं. इथं आधी सिद्ध करावं लागतं की हे त्याचं नाही, त्याचं नाही आणि त्याचंही नाही. जुन्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून बघायचं, पाकळीच्या बुडाशी लव आहे की नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, बोंडाचा आकार, बियांवरच्या रेघा. आसपासच्या सगळ्या टेकड्या मी पालथ्या घातल्या. आणखी कुठंही ते नव्हतं. जगाच्या पाठीवर ते फूल त्या एका माथ्यावर होतं, आणि माथा केवढा, तर एखाद्या खळ्यापेक्षा जरा मोठा. भादव्यात फुलायचं, सकाळी दहाच्या सुमारास उघडायचं, दुपार कलली की मिटायचं. आश्विनात बी सांडून मरून जायचं. पुढच्या पावसाळ्यात त्याच बियांतून पुन्हा. त्याचा सगळा संसार त्या महिन्या-दोन महिन्यांचा.

टेकडीच्या पायथ्याशी हौसामावशींचं घर. माझी स्कूटर त्यांच्या दारात लागायची. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आता मेंढरांच्या त्या वाड्यात दोन जर्सी गाई आणि कडबा कापायचं यंत्र. दाराशी बोअरच्या पाण्यावर झेंडू आणि शेवंतीचे वाफे. गावात कुणाचा सत्कार असो, लग्न असो, बिरोबाची पालखी असो, हार हौसामावशींच्याच हातचा. बाजारचा हार आणला तर गावाला तो कमीपणा वाटायचा. मी वर जायला निघाले की त्या सुईदोरा खाली ठेवून ओरडायच्या.

"बया, एवढ्या उन्हाचं कुठं निघालाय? वर काय हाय? दगडं हायती निस्ती."

एकदा मी फूल खाली आणून त्यांना दाखवलं. "मावशी, ह्याला काय म्हणता तुम्ही?"

त्यांनी ते तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "काय न्हाय म्हनत. गवतच की त्ये." मग माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. "पर सोजवळ हाय हां," त्या म्हणाल्या.

नाव जाहीर झालं तेव्हा मी त्यांना ते लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. त्यांनी एकदा म्हणून बघितलं आणि तोंडात पदर घालून हसत सुटल्या. "आमी आपलं मॅडमचं फूल म्हनू," त्या म्हणाल्या. मला ते शास्त्रीय नावापेक्षा जास्त आवडलं होतं. आता ते दोन शब्द कानावर आले तरी नको वाटतं.

नाव जाहीर करणाऱ्या शास्त्रीय लेखात मी टेकडीचा पत्ता मुद्दाम मोघम ठेवला होता. पेपरवाल्यांनाही नुसता तालुका सांगितला. त्यांनी छापलं, "इंदापूर तालुक्यात सापडली दुर्मिळ औषधी वनस्पती." औषधी हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. त्यांना बहुधा त्याशिवाय बातमी पूर्ण झाल्यासारखी वाटत नसावी. मग फोन सुरू झाले. साखरेवर चालतं का? मुतखड्यावर? बिया मिळतील का? एका कृषी सेवा केंद्रवाल्यानं मात्र वेगळा प्रश्न विचारला, "मॅडम, ते कुठल्या तणनाशकानं जातं?" त्या वेळी मी हसले होते आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून हसवलंही होतं.

पत्ता लपवून काय उपयोग होता? गाव माझी स्कूटर ओळखत होतं. पुढच्या भादव्यात सरपंच चार माणसांसह कॉलेजात आले. गावाचं नाव जगात गेलं, गावानं तुमचा सत्कार करायचा ठरवलाय, गणपतीतच उरकू, मांडव आयताच हाय, असं म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतकी वर्षं वाळक्या पानांवरचे ठिपके ओळखून दिल्यावर कुणीतरी फुलासाठी बोलावत होतं. मी नवी ओढणी घेतली.

मांडवाच्या तोंडाशी माझा फ्लेक्स होता. माझ्या फोटोशेजारी एक भलंमोठं गुलाबी फूल. ते कुणीतरी इंटरनेटवरून उतरवलेलं, कुठल्या देशातलं होतं देव जाणे. मी म्हटलं, जाऊ दे, प्रेमानं केलंय. फेटा बांधला, शाल झाली, नारळ झाला. हळदी-कुंकवाचं ताट माझ्यापाशी येऊन क्षणभर थबकलं, तर हौसामावशींनी ते हातानं बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "थांबा गं, मॅडमसाठी यगळं हाय." आणि केळीच्या पानानं झाकलेलं स्टीलचं ताट घेऊन त्या पुढं आल्या.

पान उचललं. आत हार होता.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. बारीक बारीक मिटलेल्या कळ्यांचे झुबके, मध्येमध्ये शोभेला एकेक झेंडू. उघडायची वेळ व्हायच्या आत तोडल्यामुळं फुलं मिटलेलीच राहिली होती, निळा रंग आतच होता. मग एका झुबक्यातून मुळाची पांढरी शेपटी लोंबताना दिसली आणि ही रोपं कुठली ते मी ओळखलं. हौसामावशी टाचा उंचावून माझ्या गळ्यात हार घालत होत्या. त्यांच्या अंगाला झेंडूचा आणि गाईचा वास येत होता. टाळ्या चालू होत्या. कुणीतरी म्हणालं, मॅडम, हिकडं बघा, हसा की. मी हसले. तो फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे आणि त्यात मी खरोखरच आनंदात दिसते.

"झेंडूचा हार काय, आमदारालाबी घालत्यात आन् नवरदेवालाबी," मावशी माझ्या कानाशी सांगत होत्या. "म्हटलं, मॅडमच्या गळ्यात मॅडमचंच फूल पायजे. पहाटंपास्नं आमी समद्या बाया वर हुतो. देठ लई आखूड, सुईत ऱ्हाईना. मग रोपंच घेतली. ओढलं की मुळासकट येतंय."

"वर काही शिल्लक ठेवलंत का हो, मावशी?"

"एकबी न्हाय!" त्या अभिमानानं म्हणाल्या. "तुमच्यासाठी म्हटल्यावर कसूर करतुय व्हय आमी?"

 समोर गाव बसलेलं. पहाटेपासून कंबर मोडून वेचणाऱ्या त्या बाया पुढच्या रांगेत, नव्या लुगड्यांत, माझ्याकडं बघत. ज्या फुलाकडं जन्मात कुणी ढुंकून बघितलं नाही ते माझ्यासाठी त्यांनी एकेक करून शोधलं होतं. इतका मान मला कुणी दिला नव्हता आणि पुढं देणारही नाही. गळ्यात तो हार घालून मी बायोडायव्हर्सिटीवर दहा मिनिटं भाषण केलं. काय बोलले ते आठवत नाही. लोकांना आवडलं म्हणे.

त्या दुपारी स्कूटरवरून येताना मी हार पिशवीत घालून मांडीवर ठेवला होता. घरी आल्यावर अब्बांपुढं ठेवला. अब्बांचं बारामतीच्या पेठेत बियाण्यांचं दुकान होतं. आता ते धाकट्या भावाकडं आहे, पण बोटांची सवय गेलेली नाही. त्यांनी एक हिरवं बोंड चिमटीत धरून चुरडलं. बोटाला नुसतं पांढरट पाणी लागलं. "अजून दूधच आहे गं," ते म्हणाले, "हे उगवायचं नाही." तरी मी ते झुबके गच्चीवर कागदावर पसरून ठेवले आणि रोज उलथवत बसले. शेवटी जे उरलं ते दाबून, वाळवून कॉलेजच्या कपाटात ठेवलं. नव्या फुलाला नाव द्यायचं तर त्याचं एक रोप उपटून, दाबून ठेवावंच लागतं, ही आमच्या शास्त्राची रीत आहे. मी एकच घेतलं होतं, तेही फार विचार करून. आता माझ्या कपाटात अख्खी टेकडी आहे, आणि काही झुबक्यांत झेंडूच्या पाकळ्याही चिकटलेल्या आहेत.

मला राग कुणाचा यावा? हौसामावशींचा येत नाही. पेपरवाल्याचा येऊन काय उपयोग? कधीकधी वाटतं, राग मला त्या भादव्यातल्या माझ्या आनंदाचा येतो. नाव नव्हतं तोवर ते फूल सुखात होतं. मेंढरं त्याच्यावरून गेली, कितीतरी दुष्काळ गेले, शेणी गोळा करणाऱ्या बाया त्याच्यावर पाय देऊन गेल्या, आणि ते आपलं दर भादव्यात उगवत राहिलं. कारण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष जायला मी कारण झाले. नव्या जातीचं वर्णन करणं हे आमच्या क्षेत्रातलं सर्वांत पुण्याचं काम, असं मी पोरांना शिकवत आले आहे. आता तो धडा आला की मी लवकर उरकते.

पुढच्या भादव्यात मी वर गेले. गवत होतं, फूल नव्हतं. त्याच्या पुढच्यातही नव्हतं. मातीत मागं राहिलेलं जुनं बी असतं, ते उशिरा जागं होऊ शकतं, असं मी स्वतःला सांगत होते. गावानं मात्र तेवढ्यात वेशीवर कमान बांधली, तिच्यावर सिमेंटचं फूल काढलं. त्याला पाच पाकळ्यांऐवजी आठ आहेत. शाळेच्या गॅदरिंगला पोरी निळे कागद डोक्याला बांधून नाचल्या. सरपंच दर वर्षी फोन करतात, "मॅडम, औंदा फूल आलं की सांगा, मोठा कार्यक्रम लावू. वरपर्यंत रस्ताच काढू म्हनतो." मी सांगते, पाऊस नीट नाही झाला.

यंदा पाऊस नीट झाला. परवा रविवारी मी गेले, तर हौसामावशी दारात चपला घालून तयारच. गुडघे पार गेलेत त्यांचे. "मीबी येती," म्हणाल्या. नको म्हटलं तर ऐकेनात.  चढताना मध्येच दगडाला टेकून दम खायच्या आणि मला हातानं पुढं हो म्हणायच्या. म्हणून मी माथ्यावर आधी पोचले.

कातळाच्या भेगेत ते होतं. एकच रोप, एकच फूल, पुरतं उघडलेलं. ऊन चांगलंच तापलं होतं आणि त्याच्यावर एक बारीक माशी बसली होती.

मला ओरडावंसं वाटलं. रडावंसं वाटलं. आणि मागून हौसामावशींच्या चपलांचा आवाज आला, तशी मी काहीच न ठरवता खाली बसले, त्या भेगेकडं पाठ करून. ओढणी सोडून मागं पसरली, पिशवी शेजारी उभी केली.

मावशी येऊन समोर बसल्या. माळावर एकदा नजर फिरवली. "न्हाय ना?" त्यांनी विचारलं.

"बघितलं सगळीकडं," मी म्हणाले.

"मॅडम, येक इचारू? खरं सांगाल?" त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. "माझी नात, अकरावीला हाय सायन्सला, ती म्हनली, आज्जे, फूल तोडल्याव बी कुठनं यायचं? तवापास्नं झोप न्हाय मला. माझ्या हारानं ग्येलं का त्ये?"

"तसं नाही हो, मावशी. पाऊस..."

"पावसाचं नगा सांगू. गवत बगा की केवढं हाय." त्यांचा आवाज चढला नाही. "औंदा बिरोबाचा हार म्या क्येला न्हाय. सून म्हनली, आई, काय झालं? म्हटलं, हात दुखत्यात. ह्या हातानं आता फूल तोडवत न्हाय, बाई. झेंडूबी न्हाय. एक जरी दिसलं असतं ना हितं, जीव हलका झाला असता."

वीतभर अंतर होतं. ओढणी बाजूला केली असती तर ती म्हातारी तिथंच लहान मुलीसारखी रडली असती, तिनं त्या फुलापुढं डोकं टेकवलं असतं. तिनं ते तोडलं नसतं, याची मला खात्री आहे. पण तिला ते पोटात ठेवता आलं नसतं. खाली उतरताच सुनेला सांगितलं असतं, नातीला, बिरोबाला. संध्याकाळपर्यंत गाव मोबाइल घेऊन वर आलं असतं, आणि सरपंच जेसीबी घेऊन. आणि बी सांडायचा आश्विन अजून महिनाभर लांब होता.

"एक जरी," मावशी पुन्हा म्हणाल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी हुं केलं. पदरानं तोंड पुसलं. सत्काराच्या पहाटे सगळ्या बायांना घेऊन वर आल्या होत्या तेव्हा गाणी म्हणत होत्या, असं त्यांनीच मला कधी तरी सांगितलं होतं. आज त्या उठताना माझा आधार मागत होत्या. मी हात दिला. त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता, सुईनं टोचून टोचून बोटाची टोकं दगडासारखी झालेली. आम्ही उतरायला लागलो. पावलागणिक त्यांचा भार माझ्या हातावर येत होता.

मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं, तर त्यांनीही बघितलं असतं.